ट्रॅपीझ आणि दोरीचा मल्लखांब : हौशी सरावात खांदे, तळहात आणि मणका कसे जपावेत?

दोरीला किंवा झोक्याच्या दांडीला लटकून करायचे व्यायाम आता फक्त सर्कशीच्या तंबूत दिसत नाहीत. जळकोट, नळदुर्ग, उमरगा या भागातून पुणे, मुंबई किंवा हैदराबादला नोकरीसाठी गेलेली बरीच मुले-मुली तिथल्या व्यायामवर्गात ट्रॅपीझ शिकतात. गावाकडची काही मुले शाळेत दोरीचा मल्लखांब करतात, तर काही मोबाइलवर पाहून घरीच दोर बांधतात. मग कधीतरी खांदा दुखतो, तळहाताची साल निघते, नाहीतर कंबर धरते. दवाखान्यात सोबत आलेल्या आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, पोरगी दोरीवर उलटी लटकती. चालतंय का?"

थोडक्यात उत्तर असे, की चालते. हा उत्तम व्यायाम आहे. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने मजबूत होत नाहीत. स्नायूंना काही आठवडे पुरतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला, म्हणजे टेंडनला, अनेक महिने लागतात. हौशी लोकांच्या बऱ्याच दुखापती या मधल्या काळात होतात. अंगात ताकद आल्यासारखी वाटते, पण सांधा अजून तयार नसतो. म्हणून सरावाचा वेग सर्वांत हळू तयार होणाऱ्या भागावरून ठरवावा. हे कसे करायचे, साधन कुठे बांधू नये, पडल्यावर काय करायचे आणि दवाखान्यात कधी यायचे, ते या लेखात पाहू.

## हा प्रकार आपल्याला परका नाही

ट्रॅपीझ म्हणजे दोन दोरांना आडवी बांधलेली दांडी. तिच्यावर बसून, उभे राहून, हातांनी किंवा गुडघ्यांनी लटकून कसरती करतात. फ्रान्सच्या ज्यूल लेओटार या तरुणाने १८५९ साली पॅरिसमध्ये एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर झेप घेण्याचा खेळ पहिल्यांदा लोकांपुढे केला. त्याआधी त्याने हा सराव वडिलांच्या व्यायामशाळेतल्या पोहण्याच्या हौदावर केला होता. म्हणजे पडलो तर काय, याची सोय त्याने आधी करून ठेवली होती.

महाराष्ट्रात विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस सुरू केली. ती भारतातली पहिली आधुनिक सर्कस मानली जाते. पण हवेत लटकण्याची आपली विद्या त्याहून जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख येतो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आमच्या जळकोटवरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद रस्त्याने उमरग्याच्या पुढे गेले, की सीमेपलीकडे ते लागते. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांब पुन्हा नावारूपाला आणला. पुरलेला मल्लखांब, साखळीला टांगलेला मल्लखांब आणि दोरीचा मल्लखांब हे त्याचे आजचे तीन मुख्य प्रकार. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धाही झाली.

हे सांगण्याचे कारण वैद्यकीय आहे. जुन्या आखाड्यात मुलाला पहिल्याच दिवशी दोरीवर उलटे टांगत नसत. आधी जोर-बैठका, मग नुसती पकड, मग चढणे-उतरणे, मग एकेक उडी आणि शेवटी पूर्ण संच असा क्रम असे. या क्रमामुळे कंडरांना तयार व्हायला वेळ मिळतो. मोबाइलवरच्या एका मिनिटाच्या चित्रफितीत हा क्रम दिसत नाही.

## लटकताना शरीरावर किती भार येतो?

५० किलो वजनाची व्यक्ती दोन्ही हातांनी स्थिर लटकली, तर प्रत्येक हातावर साधारण २५ किलो भार येतो. एका हाताने लटकली, तर सगळे ५० किलो एका खांद्यावर.

झोका घेतला की हिशोब बदलतो. दोर उभ्या रेषेपासून ६० अंशांवर नेऊन सोडला, तर झोका तळाशी येतो तेव्हा पकडीवर वजनाच्या जवळपास दुप्पट, म्हणजे १०० किलोचा ओढा येतो. दोर अगदी आडवा होईल इतक्या उंचीवरून, म्हणजे ९० अंशांवरून सोडला, तर हा ओढा तिप्पट होतो, म्हणजे १५० किलो. स्थिर लटकणे जमले म्हणून झोकाही जमेल, असे गृहीत धरता येत नाही ते यासाठी. पकड सुटण्याची शक्यताही भार सर्वाधिक असतो तेव्हा, म्हणजे झोक्याच्या तळाशी जास्त असते.

हा भार झेलणारा खांद्याचा सांधा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा आहे. त्याची खोबण उथळ असते आणि तिच्यावर दंडाच्या हाडाचा मोठा गोळा बसलेला असतो. तो जागेवर ठेवण्याचे काम मुख्यतः चार छोटे स्नायू आणि त्यांच्या कंडरा करतात. खांदे कानापर्यंत वर जाऊ देऊन ढिले लटकले, तर सगळा ताण अस्थिबंध आणि कंडरांवर जातो. लटकूनच खांदे कानांपासून खाली ओढले आणि पाठीचे स्नायू आवळले, तर ताण मोठ्या स्नायूंवर वाटला जातो. नवशिक्याने सर्वांत आधी हीच गोष्ट शिकावी. ती दिसायला काहीच नाही, पण खांदा त्यावरच टिकतो.

## नेहमी दिसणाऱ्या तक्रारी

तळहाताचे फोड आणि सोललेली साल. फोड आला तर वरची कातडी ओढून काढू नका. तीच नैसर्गिक पट्टी असते. फुटला तर साबण-पाण्याने धुवा आणि स्वच्छ, कोरडी पट्टी बांधा. त्यावर हळद, चुना, टूथपेस्ट लावू नका. घट्टे जाड झाले की आंघोळीनंतर हलक्या हाताने घासून सपाट ठेवा, कारण उंच घट्टा दोरीत अडकून फाटतो. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर ते घ्यावे लागेल का हे डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर हातापायाची लहान जखमही दाखवा.

दोर घासून होणारे भाजणे. अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या बेचक्यात, गुडघ्यामागे आणि कमरेवर हे होते. जखम लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा, मग साधे मलम आणि जाळीदार पट्टी लावा. दोरीवरून सरकत खाली येण्याची सवय मोडा. हाताखाली हात घेत उतरायला शिका.

खांद्याची पुढची किंवा बाहेरची बाजू दुखणे. हात बाजूने वर उचलताना मधल्या टप्प्यात कळ येते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. बहुतेक वेळा ही खांद्याच्या कंडरेची सूज किंवा झीज असते. वेळीच भार कमी केला आणि योग्य व्यायाम केला, तर बहुतेकांचे ऑपरेशनशिवाय बरे होते. बरे व्हायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात.

कोपराची आतली बाजू दुखणे. सतत आवळून धरल्याने मनगट वाकवणाऱ्या स्नायूंच्या कंडरेवर ताण येतो. तांब्या उचलताना, दार उघडताना, कपडे पिळताना कळ आली की हे ओळखावे.

कंबर दुखणे. पाठ मागे वाकवण्याच्या कसरती वाढत्या वयाच्या मुलामुलींनी फार केल्या, तर कमरेच्या मणक्याच्या मागच्या भागाला बारीक तडा जाऊ शकतो. मागे वाकले की दुखते आणि विश्रांती घेतली की थांबते, ही त्याची खूण. असे दुखणे दोन-तीन आठवडे टिकले, तर "वाढीचं दुखणं असंल" म्हणून सोडून देऊ नका. सराव थांबवून तपासणी करा.

बधिरपणा आणि मुंग्या. दोर किंवा दांडी नसेवर दाबली गेली की हे होते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस कातडीच्या अगदी जवळ असते. ती दाबली गेली, तर पायाचा पंजा वर उचलता येत नाही. दंडाला दोर घट्ट गुंडाळला, तर मनगट लुळे पडू शकते. मुंग्या आल्या की लगेच खाली उतरा. काही मिनिटांत पूर्ण बरे वाटले, तर पुढच्या वेळी दोर बसण्याची जागा बदला. बधिरपणा किंवा अशक्तपणा राहिला, तर त्याच दिवशी दाखवा.

गुडघ्यामागचे आणि मांडीवरचे निळे-काळे डाग सुरुवातीला सर्वांनाच येतात आणि एक-दोन आठवड्यांत जातात. पण मार न लागता डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा नुकताच डेंगू झाला असेल, तर प्लेटलेट तपासल्याशिवाय सराव नको.

## सराव कसा बांधावा?

खाली दिलेले आकडे निरोगी प्रौढ नवशिक्यासाठी ढोबळ मार्गदर्शन आहे. तुमचा प्रशिक्षक तुमची तयारी पाहून त्यात बदल करू शकतो.

पहिले सहा ते आठ आठवडे : आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस सराव करा. दोन सरावांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवा. दांडी इतकीच उंच ठेवा की पाय जमिनीला टेकवता येतील. आधी १० मिनिटे अंग गरम करा. मग १० ते २० सेकंद लटका आणि तेवढीच विश्रांती घ्या. असे चार-पाच वेळा करा. लटकून खांदे खाली ओढण्याचा व्यायाम आठ-दहा वेळा. त्यासोबत जोर, बैठका आणि पोटाचे व्यायाम.

पुढे कधी जायचे? स्थिर लटकणे ३० सेकंद, खांदे खाली ओढून लटकणे १० सेकंद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा-कोपर दुखत नाही, अशा तिन्ही गोष्टी सलग दोन आठवडे जमल्या, की गुडघ्यांनी लटकणे आणि उलटे होणे शिकायला हरकत नाही. तेही प्रशिक्षक हात धरून उभा असताना. झोका त्याच्याही नंतर.

संच बसवताना : संच म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेल्या कसरती. हौशी माणूस इथेच घाई करतो. पुढचे नियम पाळा.

- संचाचे लहान तुकडे करा. प्रत्येक तुकडा खाली, गादीवर, कमी उंचीला सलग तीन वेळा स्वच्छ जमला, तरच पुढच्याला जोडा.
- सर्वांत अवघड तुकडा सरावाच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर लगेच करा. दमल्यावर नवीन काही करू नका.
- कसरत दोन्ही बाजूंनी करा. एकाच खांद्यावर संच बसवला, तर तोच खांदा आधी जातो.
- संचाच्या कुठल्याही टप्प्यावरून सुखरूप खाली कसे यायचे, हे आधी शिका. चढता येते पण उतरता येत नाही, अशी अवस्था नको.
- "शेवटचं एकदा" हा शब्द सरावातून काढून टाका. पकड सैल वाटली, बोटे आपोआप उघडू लागली किंवा दंड थरथरला, की त्या दिवसाचा सराव संपला.
- दर चौथ्या आठवड्याला सराव निम्मा करा. कंडरांना हा आराम लागतोच.

एक छोटी वही ठेवा. तारीख, काय केले, किती वेळा केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे दुखले, एवढे लिहा. दवाखान्यात येताना ती वही आणली, तर निदान करायला मोठी मदत होते.

## दुखणे किती चालेल?

शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे मोजा. सरावात दुखणे तीनच्या आत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेले, तर सराव तसाच चालू ठेवता येतो. तीनच्या वर गेले किंवा सकाळी टिकून राहिले, तर पुढच्या वेळी भार निम्मा करा. दोन आठवडे असे करूनही फरक नसेल, तर दाखवा.

पूर्ण झोपून राहणे हा कंडरेच्या दुखण्यावरचा उपाय नव्हे. लटकणे आणि झोके बंद ठेवा, पण हात हलता ठेवा. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे लावला तर आराम पडतो. वेदनाशामक गोळी घेऊन सरावाला उतरू नका. दुखणे ही शरीराची सूचना असते. गोळीने सूचना बंद होते, इजा मात्र चालूच राहते. ताप असेल आणि डेंगूची शंका असेल, तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

## साधन कुठे बांधायचे, कुठे नाही?

घरी हा भाग सर्वांत धोक्याचा आहे.

- छतातला पंख्याचा हूक, पत्र्याच्या शेडचा अँगल, झाडाची फांदी, गच्चीचा कठडा यांना लटकू नका. वर सांगितल्याप्रमाणे ५० किलोच्या माणसाचा झोका १५० किलोपर्यंत ओढ देतो. झटका बसला तर त्याहूनही जास्त. हे हूक आणि अँगल त्यासाठी बसवलेले नसतात.
- साडी, ओढणी, नायलॉनची दोरी वापरून सर्कशीतल्यासारखे वेढे घेण्याचा प्रयत्न कधीही करू नका. वेढा मानेवर आला, तर काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि मग स्वतःला सोडवता येत नाही. घरात बांधलेल्या साडीच्या झोक्यात लहान मुले अशीच अडकतात. कोणताही दोर किंवा कापड सराव संपला की वर गुंडाळून किंवा काढून ठेवा.
- एकट्याने सराव करू नका. खाली उभी असलेली व्यक्ती मोठी आणि सावध असावी.
- खाली जाड गादी हवीच. पण गादीमुळे डोक्यावर पडलेल्याची मान वाचेलच असे नाही. म्हणून उलटे होण्याच्या कसरती जाणत्या माणसाच्या हाताखालीच करा.
- लेओटारने हौदावर सराव केला म्हणून कोणी विहिरीवर किंवा तलावावर दोर बांधू नये. पाण्याची खोली माहीत नसताना वरून पडल्याने मानेचा मणका मोडतो आणि कायमचे अपंगत्व येऊ शकते. उन्हाळ्यात आपल्या विहिरींचे पाणी किती खाली जाते, हे सांगायला नको.
- एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. घामाने पकड सुटते आणि उन्हातली लोखंडी दांडी हात भाजते. सराव सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा, हात पुसायला कोरडा पंचा जवळ ठेवा आणि पाणी पीत राहा.

## आहार, रक्त आणि पाळी

दोरीवर चक्कर येण्याची किंमत जमिनीवरच्या चकरेपेक्षा फार मोठी असते. आपल्याकडे किशोरवयीन मुलींमध्ये रक्त कमी असणे नेहमी दिसते. लवकर दम लागणे, धडधड, डोके हलके वाटणे, माती-खडू खावेसे वाटणे अशी लक्षणे असतील, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी चुकवू नका. गोळीनंतर लगेच चहा पिऊ नका. लिंबू किंवा पेरूसारख्या आंबट फळांसोबत लोह चांगले शोषले जाते.

सरावाआधी दीड-दोन तास हलके खा. भाकरी-वरण, केळे, शेंगदाणे-गूळ, काहीही चालेल. पोट भरून उलटे लटकले तर जळजळ होते. उपाशीपोटी चक्कर येते. उपवासाच्या दिवशी अवघड सराव ठेवू नका.

हलके होण्यासाठी जेवण तोडणे हा चुकीचा मार्ग आहे. मुलीचे वजन उतरत असेल आणि सलग तीन महिने पाळी आली नसेल, तर तिच्या हाडांना पुरेसे पोषण मिळत नाही, असे समजून डॉक्टरांना भेटा. एरवी पाळीच्या दिवसांत सराव करायला वैद्यकीय हरकत नाही. त्रास होत असेल तर हलका करा.

## कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

उलटे लटकल्यावर डोक्याकडचा रक्ताचा आणि डोळ्यांतला दाब वाढतो. म्हणून पुढील व्यक्तींनी विचारल्याशिवाय उलट्या कसरती करू नयेत :

- काबूत नसलेला रक्तदाब, हृदयविकार किंवा पूर्वी पक्षाघात झालेले
- काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेले, नुकतेच डोळ्याचे ऑपरेशन झालेले
- फिट येणारे किंवा वारंवार चक्कर येणारे
- गरोदर महिला
- एकदा खांदा निखळलेला आहे असे, विशेषतः तरुण, कारण तो पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते
- हाडे ठिसूळ झालेली किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेली व्यक्ती

## पडल्यावर पहिली दहा मिनिटे

पडलेल्या माणसाला हात धरून उठवून बसवायचे आणि पाणी पाजायचे, ही आपली सवय आहे. ती प्रेमापोटी असते, पण मानेच्या किंवा पाठीच्या मणक्याला इजा असेल तर त्यानेच नुकसान वाढते.

१. त्याला हलवू नका. "हलू नकोस, आहे तसाच पड," असे सांगा.

२. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके आहे त्याच स्थितीत स्थिर धरावे.

३. दुसऱ्याने १०८ वर फोन करावा. गाव, रस्ता, जवळची खूण सांगावी.

४. शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का पाहा. श्वास बंद असेल, तर मणक्याचा विचार मागे ठेवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि जलद, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायला सुरुवात करा.

५. शुद्धीत असेल तर विचारा : मान किंवा पाठ दुखते का? हातापायांत मुंग्या आहेत का? बोटे हलतात का? यांपैकी काहीही असेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत उचलू नका.

६. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी मिळून एकदम कुशीवर वळवा.

७. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. सोलापूर किंवा धाराशिव लांब वाटले, तरी रुग्णवाहिकेची थोडी वाट पाहणे बहुधा जास्त सुरक्षित असते.

खांदा निखळला असे वाटले, तर ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नका, चोळू नका. हात झोळीत आधाराला ठेवा आणि दवाखान्यात न्या. हाड मोडलेले असताना ओढले, तर नस आणि रक्तवाहिनी फाटू शकते.

डोक्याला मार लागला असेल, तर त्या दिवशी पुन्हा सराव नाही. डॉक्टर परवानगी देईपर्यंत दोरीजवळ जायचे नाही.

## लगेच दवाखाना गाठा, जर...

- पडल्यानंतर थोडा वेळही शुद्ध हरपली, वारंवार उलटी झाली, बोलणे अडखळले किंवा झोप अनावर येत असेल
- हातापायात जोर नसेल, लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला असेल
- खांद्याचा आकार बदललेला दिसत असेल किंवा हात अजिबात उचलता येत नसेल
- दंडात किंवा खांद्यात "टक्क" असा आवाज येऊन लगेच सूज आली असेल
- एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, किंवा हात-पाय थंड आणि पांढरा पडला असेल
- मानेभोवती दोर आवळला गेला असेल, मग नंतर बरे वाटत असले तरीही

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कितव्या वर्षी सुरू करावे?
ठरलेले वय नाही. सांगितलेले ऐकणारे आणि पाळणारे शाळकरी मूल दोरीच्या मल्लखांबाचे पहिले धडे घेऊ शकते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळची वाढीची जागा नाजूक असते. म्हणून सांध्याजवळ दुखत असेल, तर मुलाला "सहन कर" म्हणू नका.

दोरीला लटकल्याने उंची वाढते का?
नाही. लटकल्यावर मणक्यातल्या चकत्या थोडा वेळ मोकळ्या होतात, एवढेच. उंची आनुवंशिकता, आहार आणि आरोग्यावर ठरते.

चाळिशीनंतर सुरू करता येईल का?
येईल. रक्तदाब आणि साखर आधी तपासा. या वयात, विशेषतः मधुमेह असेल, तर खांदा आखडण्याचा त्रास जास्त दिसतो. म्हणून पहिले दोन महिने पाय जमिनीला टेकवूनच लटका.

एक्स-रे नॉर्मल आला, तरी खांदा दुखतो. असे कसे?
एक्स-रेत हाड दिसते, कंडरा दिसत नाही. तपासणीवरून बऱ्याचदा निदान होते. गरज पडली तरच सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो.

वर्गात सगळ्यांच्या मागे पडते. काय करू?
तुमचा खांदा वर्गाच्या वेगाने नव्हे, त्याच्या स्वतःच्या वेगाने तयार होतो. प्रशिक्षकाला वही दाखवा आणि सोपा पर्याय मागा. चांगला प्रशिक्षक तो देतो. दुखत असताना ढकलणारा वर्ग असेल, तर वर्ग बदला.

## घरच्यांसाठी

मुलगा किंवा मुलगी दोरीवर जाते म्हणून घाबरून बंद करू नका. ताकद, तोल आणि आत्मविश्वास देणारे असे व्यायाम कमीच आहेत. त्याऐवजी एकदा सरावाला जाऊन बसा. दोर कशाला बांधला आहे, खाली गादी आहे का, शिकवणारा जवळ उभा राहतो का, दमलेल्या मुलाला तो थांबवतो का, एवढ्या चार गोष्टी पाहा. चारही ठीक असतील, तर निश्चिंत राहा. एक जरी नसेल, तर ती सोय होईपर्यंत पाय जमिनीवरच बरे.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या दुखण्यासाठी प्रत्यक्ष तपासणी करून घ्या.